साक्षांकन नमुना, बारावा रकाना आणि जुनी अटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी बरीच वर्षं गेली. निवड झालेल्या उमेदवारांचे साक्षांकन नमुने, म्हणजे त्यांनी स्वतःबद्दल सही करून दिलेले माहितीचे फॉर्म, तपासून पोलिसांकडे पाठवायचे आणि तिकडून अहवाल आला की फाइल वर न्यायची, हे माझं काम. आता निवृत्त आहे. लालबाग-परळच्या अभ्यासिकांतली मुलं घरी येतात, हातात कोरा नमुना असतो आणि चेहरा उतरलेला. दहीहंडीतली मारामारी, विसर्जनातला राडा, लोकलच्या लेडीज डब्यात चढल्यावर आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) धरलेलं, असं काही ना काही मागे असतं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा लिहून काढले. मी वकील नाही. गंभीर कलम असेल तर फौजदारी वकिलाला भेटाच.

निवड तर झाली. मग हा नमुना कशासाठी?

निवड म्हणजे नेमणूक नव्हे. केंद्र असो वा राज्य, नेमणूक चारित्र्य पडताळणीच्या अधीन असते. नमुन्यात मागच्या पाच वर्षांतले पत्ते, शाळा-कॉलेज, आधीच्या नोकऱ्या आणि ओळख देणारी दोन माणसं भरायची असतात. मग येतो तो रकाना, केंद्राच्या नमुन्यात बहुधा बारावा. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? खटला चालला आहे का? स्थानबद्ध केलं होतं का? बंधपत्र घेतलं होतं का? न्यायालयाने दंड केला आहे का? दोषी ठरवलं आहे का? विद्यापीठाने किंवा लोकसेवा आयोगाने परीक्षेला बसायची बंदी घातली होती का? आज एखादी केस प्रलंबित आहे का? प्रत्येकापुढे होय किंवा नाही.

भाभा अणुसंशोधन केंद्र, नौदल गोदी, माझगाव डॉक अशा ठिकाणी छाननी आणखी बारीक असते. विमानतळावर काम करायचं तर प्रवेशपत्रासाठी पार्श्वभूमी तपासली जाते, मग तुम्ही विमान कंपनीत असा की सामान चढवणाऱ्या कंत्राटदाराकडे.

नमुन्याच्या माथ्यावर इशारा छापलेला असतो: खोटी माहिती देणं किंवा खरी दडवणं ही अपात्रता समजली जाईल, आणि नोकरीत असताना कधीही हे उघड झालं तरी सेवा संपुष्टात येऊ शकते. मुलं तो वाचत नाहीत, थेट नाव-गाव भरायला घेतात.

केस सुटली, मी निर्दोष. आता "नाही" लिहायला काय हरकत?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. प्रश्न "तुम्ही गुन्हेगार आहात का" असा नाहीच. "कधी अटक झाली का" असा आहे. निर्दोष सुटल्याने झालेली अटक न झालेली होत नाही. त्यामुळे अटक होय, खटला होय, दोषी ठरवलं नाही, आणि सोबत निकालाची प्रत, असं उत्तर खरं ठरतं.

केंद्रीय विद्यालय संघटनेच्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचं प्रकरण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. त्याने खटला-स्थानबद्धता आणि प्रलंबित केस या दोन्ही रकान्यांत नकार लिहिला होता. केस किरकोळ मारहाण, शिवीगाळ, धमकी अशी, आणि पुढे सरकारने ती मागेही घेतली. तरी नोकरी गेली ती गेलीच. आपण हिंदी माध्यमातून शिकलो, इंग्रजी नमुना कळला नाही, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. माणूस बी.ए., बी.एड., एम.एड. होता. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. इंग्रजी नमुना कळत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी समजून घ्या, नंतर ते कारण चालत नाही.

फक्त चौकीवर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. ही अटक का?

मुंबईत "उचलून नेलं" या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी येतात. कागदावर काय आहे ते आधी शोधा.

मोर्चात किंवा मिरवणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ आणि ६९ खाली ताब्यात घेतात आणि गर्दी पांगली की सोडून देतात. हे ताब्यात घेणं झालं, पण स्टेशन डायरीत नाव राहतं. दोन गटांत तणाव असताना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली उचललं असेल (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७०) तर ती प्रतिबंधात्मक असली तरी अटकच आहे. पुढे एसीपींच्या (सहायक पोलीस आयुक्तांच्या) समोर उभं करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला असेल तर तिला पोलिसांच्या बोलीत चॅप्टर केस म्हणतात. नमुन्यातला "बंधपत्र" हा शब्द नेमका त्यासाठी आहे. चॅप्टर केस म्हणजे केस नव्हे, असं नाक्यावर सगळे छातीठोकपणे सांगतात. शिक्षा नव्हे हे खरं, पण रकान्यात ती येते.

हजर राहण्याची नुसती नोटीस आली, जुन्या कायद्यात ४१-अ आणि नव्यात ३५(३) खालची, तर अटक झालेली नाही. मात्र गुन्हा नोंदलेला असू शकतो. महाराष्ट्रातले काही नमुने "गुन्हा दाखल आहे का" असंही विचारतात, तिथे उत्तर बदलतं. अटकपूर्व जामीन घेतलेल्यांनी विशेष जपावं. अनेकदा ठाण्यात कागदोपत्री अटक दाखवून लगेच जामिनावर सोडलेलं असतं. माणूस घरी जेवायला येतो आणि त्याला वाटतं आपल्याला अटक झालीच नाही.

शेजाऱ्याने नुसती एनसी केली असेल, म्हणजे अदखलपात्र नोंद, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. ती अटक नाही, खटलाही नाही.

लेडीज डब्यात पकडलं होतं. रेल्वे कोर्टात दंड भरून सुटलो. तेही लिहायचं?

लिहायचं. मुंबईकर इथे हमखास फसतो. रेल्वे अधिनियमाचं कलम १६२ स्त्रियांच्या डब्यासाठी, १४७ रूळ ओलांडण्यासाठी, १५६ टपावरून किंवा पायरीवरून प्रवासासाठी. आरपीएफ धरते, दंडाधिकाऱ्यासमोर नेते, "गुन्हा कबूल?" म्हणून विचारलं जातं, आपण ऑफिसला उशीर होतोय म्हणून मान डोलावतो, पैसे भरतो, पावती खिशात टाकतो. कायद्याच्या भाषेत ही गुन्ह्याची कबुली देऊन झालेली दोषसिद्धी आहे. रकान्यात "न्यायालयाने दंड केला" आणि "दोषी ठरवलं" या दोन्ही ठिकाणी ती बसते.

अशा दंडामुळे नोकरी नाकारल्याची फाइल माझ्या टेबलावर कधी आली नाही. दंड लपवला म्हणून खुलासा मागवल्याच्या मात्र आल्या.

गणपतीच्या मंडपामागे रात्री तीन पत्ती खेळताना धाड पडली आणि जुगार प्रतिबंध कायद्याखाली दुसऱ्या दिवशी कोर्टात दंड झाला, त्याचंही हेच. थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत ड्रंक अँड ड्राईव्ह सापडला असाल तर ते मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याला "ट्रॅफिकचा दंड" म्हणू नका. सिग्नल तोडल्याचं ई-चलन ऑनलाइन भरलं असेल तर ते तडजोड शुल्क आहे, कोर्टाचा दंड नव्हे. काही नमुने वाहतुकीचा किरकोळ दंड स्पष्टपणे वगळतात. तळटीप वाचा.

काका पोलिसात आहेत. म्हणतात, नाव निघणारच नाही.

काकांच्या उमेदीच्या काळात ठाण्यातलं रजिस्टर ठाण्यातच राहायचं. आता सीसीटीएनएस या गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक जाळ्यात देशभरातली ठाणी जोडलेली आहेत. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून केस शोधता येते, ती तुम्ही शोधता तशी पडताळणी करणाराही शोधतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे, संवेदनशील प्रकरणं सोडली तर, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावे लागतात. मुंबईत आणखी एक गंमत आहे: शहर पोलीस वेगळे, लोहमार्ग पोलीस वेगळे, आरपीएफ केंद्राची. एका ठिकाणी काही निघालं नाही म्हणून कुठेच निघणार नाही असं नाही. मूळ गाव साताऱ्यात किंवा सिंधुदुर्गात असेल तर पडताळणी तिथल्या ठाण्यातही जाते, आणि जत्रेतलं भांडण गावच्या हवालदाराला तोंडपाठ असतं.

शिवाय पहिल्या अहवालात नाव निघालं नाही तरी धोका संपत नाही. दहा वर्षांनी बढतीच्या वेळी कुणीतरी निनावी अर्ज टाकतं. असे अर्ज टाकणारे बहुतेकदा नात्यातले असतात, हे मी फायली वाचून सांगतो.

खरं लिहिलं तर नोकरी नक्की मिळते का?

नाही. असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला खूश करतोय.

या विषयावरचा मुख्य निकाल अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २१ जुलै २०१६, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचं पीठ. त्यात दोन्ही बाजू आहेत. उमेदवाराने खरी माहिती दिली तरी नियोक्त्याला पूर्ववृत्त विचारात घेण्याचा अधिकार आहे, नेमणूक द्यायलाच हवी अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गंभीर गुन्ह्यातून तांत्रिक मुद्द्यावर किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला नाकारता येतं. पण कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखा क्षुल्लक प्रकार असेल, तर तो दडवला गेला असला तरी नियोक्ता विवेक वापरून सोडून देऊ शकतो. पद कोणतं, काम किती संवेदनशील, गुन्ह्याचं स्वरूप काय, हे सगळं पाहायचं असतं.

त्याच निकालातला एक मुद्दा उमेदवाराच्या बाजूचा आहे: नमुन्यातला प्रश्न स्पष्ट हवा. जे नेमकं विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. आणि केस असल्याचं उमेदवाराला माहीतच नसेल, तर दडवलं असं म्हणता येत नाही.

पुढचे निकाल साधारण याच वाटेने गेले. २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की माहिती दडवली एवढ्यावरून डोळे झाकून काढून टाकता येणार नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका पोलीस शिपाई उमेदवाराला दिलासा मिळाला. पण तारखा जुळवून पाहा, या मुलांची किती वर्षं कोर्टात गेली. बॅचचे बाकीचे तोवर हवालदार झालेले असतात.

एक फरक मी प्रत्येकाला सांगतो. "होय" लिहिलेली फाइल वरिष्ठांकडे जाते तेव्हा चर्चा गुन्ह्यावर होते: कलम कोणतं, वय काय होतं, निकाल काय लागला. "नाही" लिहून अहवालात नाव निघालेल्या फाइलवर चर्चा माणसावर होते, आणि तिथे १५ वर्षांपूर्वीची हंडी कुणाला आठवत नाही.

"होय" लिहिल्यावर पुढे काय लिहायचं?

कथा नको. वेगळ्या कागदावर पोलीस ठाण्याचं नाव, गु.र.क्र. (गुन्हा रजिस्टर क्रमांक) आणि वर्ष, कलमं, अटकेची व जामिनाची तारीख, कोर्ट, केस नंबर, आजची स्थिती. खाली दोन ओळींत प्रसंग. उदाहरणार्थ: "दहीहंडीच्या दिवशी दोन मंडळांत वाद झाला. माझ्यासह नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला. मला त्याच दिवशी अटक होऊन दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. माननीय न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे." बस. पोलिसांनी मुद्दाम अडकवलं, मी तर प्रसाद आणायला गेलो होतो, असली वाक्यं खरी असली तरी लिहू नका. ती वाचून मनावर उलटाच परिणाम होतो.

प्रत काढायला वेळ लागतो, हे मात्र ध्यानात ठेवा. किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, भोईवाडा, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, आधी केस कुठल्या कोर्टात होती ते ठरवा. जुनी असेल तर कागद रेकॉर्ड रूममध्ये गेलेले असतात. परीक्षेचा निकाल लागायची वाट पाहू नका, परीक्षा दिली की नकलेचा अर्ज टाका.

केस "मिटली", "समरी झाली", "सरकारने मागे घेतली". यात फरक काय?

बराच. न्यायालयात रीतसर आपसात मिटवली असेल तर त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला असेल तर तो आदेश जोडा. समरी, म्हणजे तपास बंद करताना पोलिसांनी कोर्टाला दिलेला अहवाल, ही आपल्या भागातली खास गोष्ट: ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, सी म्हणजे खरी ना खोटी, किंवा दिवाणी स्वरूपाची. बी समरी दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केली असेल तर तुमच्यासाठी उत्तम कागद आहे. ठाण्यात "समरी पाठवली" एवढं ऐकून थांबू नका, मंजुरीचा आदेश हवा.

आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याची घोषणा मंत्रालयात होते, टाळ्या पडतात. प्रत्यक्षात सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करून कोर्टाने संमती दिल्याशिवाय खटला संपत नाही. लॉकडाऊनमध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली नावं गेलेल्या कितीतरी मुलांना वाटतं आपली केस गेली. जाऊन पाहा.

चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर प्रोबेशनवर सोडलं असेल तर प्रोबेशनच्या १९५८ च्या कायद्याचं कलम १२ अपात्रता काढतं, पण दोषसिद्धी झाली ही गोष्ट काढत नाही. रकान्यात ती लिहावी लागते.

तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो.

मग तुमचं पारडं जड आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ सांगतं की बालपणातल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांचा, ज्यांच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ मानून खटला चालवला. कलम ७४ तर असंही म्हणतं की प्रकरण संपलेलं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करू नये. इतकं स्पष्ट असूनही कधीकधी अहवालात ती येते. माझा सल्ला: बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत जवळ ठेवा, आणि काय लिहायचं ते या एका बाबतीत वकिलाला विचारूनच ठरवा. मला इथे ठोक उत्तर द्यायचं नाही.

मी आधीच "नाही" लिहून देऊन बसलोय. आता?

आज पत्र द्या. उद्या नको. पोलीस अहवाल येण्याआधी स्वतःहून दिलेली दुरुस्ती आणि अहवाल आल्यावर दिलेला खुलासा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०११ मध्ये निकाली निघालेल्या दिल्ली पोलिसांच्या प्रकरणात उमेदवाराने अर्जात केस सांगितली नव्हती, पण नंतरच्या साक्षांकन नमुन्यात स्वतःहून लिहिली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, तरुण वयातल्या चुकीकडे उदारपणे पाहावं असं म्हटलं.

पत्र आस्थापना अधिकाऱ्याच्या नावे, पोच घेऊन. "नजरचुकीने" हा शब्द खरंच नजरचूक असेल तरच वापरा. घाबरून लिहिलं असेल तर तसं लिहा. मी असं एक पत्र वाचलंय, "भीतीपोटी नाही लिहिले" एवढंच त्यात होतं. फाइल निघाली, मुलगा रुजू झाला.

नमुना दिल्यानंतर काही घडलं, नवी अटक, नवी केस, तर तेही ताबडतोब कळवायचं असतं. नमुन्याच्या सूचनांत हे लिहिलेलं असतं. नोकरीत कायम झालेल्याला मात्र खोट्या माहितीसाठी काढायचं तर विभागीय चौकशी लागते, हे अवतार सिंग निकालातच आहे.

पासपोर्ट, व्हिसा, आयटी कंपनी. तिथेही हेच?

प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी. पासपोर्टच्या अर्जात प्रामुख्याने प्रलंबित फौजदारी केस आणि मागच्या पाच वर्षांतली शिक्षा विचारतात. केस चालू असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. माहिती लपवणं मात्र पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात "कधी अटक किंवा शिक्षा झाली का, माफी मिळाली असली तरी" असं विचारतात, आणि बीकेसीतल्या खिडकीवरचा अधिकारी तोच प्रश्न तोंडी विचारू शकतो. पवई-ऐरोलीच्या कंपन्या पोलीस क्लिअरन्स मागतात, त्यांचा स्वतःचा नमुना असतो. एकाचं उत्तर दुसऱ्यात उतरवू नका.

भाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय, तिथे सरकारी गोपनीय कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा मंजुरीचा अर्ज भरतोय. कॉलेजात असताना त्याला दादरला अटक झाली होती.

तिकडचा नमुना एसएफ-८६. पोलीस नोंदीच्या भागात मागच्या सात वर्षांतल्या अटका आणि आरोप विचारतात. गंभीर गुन्हे, शस्त्रं, दारू किंवा अमली पदार्थ यांच्याशी संबंधित बाबींना काळाची मर्यादा नाही. नोंद मिटवली किंवा सीलबंद केली असली तरी, थोडे अपवाद सोडता, सांगावी लागते. घटना अमेरिकेबाहेरची, म्हणजे दादरची असली तरी. जाणूनबुजून खोटं लिहिणं संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. उलट, कुणी पकडण्याआधी स्वतः केलेली दुरुस्ती तिथे अर्जदाराच्या बाजूने धरतात. अटक किती वर्षांपूर्वीची आणि कोणत्या कलमाखाली, हे इथून तुम्ही शोधून द्या. भोईवाडा कोर्टात चकरा मारायला त्याला न्यू जर्सीहून येता येणार नाही.

आई म्हणते, कशाला लिहितोस, कुणाला कळणारेय.

आईला नमुन्याच्या माथ्यावरचा तो इशारा मराठीत वाचून दाखवा. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्या आया तिथेच गप्प होतात. उरलेल्या विचारतात, "मग निकालाची प्रत कुठे मिळेल?"